पिवळ्या खडूचे बाण

"हात धुतले का, मॅडम?"

"धुतले."

"साबनानं?"

"साबणानंच हो, उकंडराव."

"मंग धरा." त्यांनी पहिली शीट माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवली. "पुसून घ्या आधी. तुमच्या कोकनातल्या लोकाइच्या हाताले घाम लय."

नागपुरात घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळत नाही. पण उकंडराव मोहोडांच्या मते मी चिपळूणहून येताना तिथली दमट हवा ट्रंकेत भरून आणली होती, आणि त्यांच्या रबर मळायच्या मिलच्या रोलरवर गंजाचा जो ठिपका आला होता तो त्यामुळेच आला होता.

शुक्रवार होता. फेब्रुवारी संपत आला होता. संशोधन संस्थेच्या मागच्या शेडमध्ये आम्ही दोघं नऊ शीट पाकिटात घालत होतो. वीतभर चौकोनी, दोन मिलिमीटर जाड, काळपट तपकिरी. कृत्रिम रबर, आणि शंभर भाग रबराला वीस भाग पऱ्हाटीची साल. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी पऱ्हाटी उभी राहते. लोक ती चुलीत घालतात, नाहीतर बांधावर पेटवून देतात. आम्ही तिची साल सोलून, कुटून, वाळवून रबरात मिसळत होतो आणि तयार शीट गॅमा किरणांखाली ठेवायला पाठवत होतो. किरणांमुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जखडतात. गंधक घालून रबर शिजवावं लागत नाही. माझी पीएच.डी. यावर होती. माझे मार्गदर्शक पिंपळकर सर, त्यांचा प्रकल्पही हाच. किरणांचं केंद्र मुंबईकडे होतं आणि आमचा नंबर तीन महिन्यांतून एकदा लागायचा.

प्रत्येक शीटच्या मधोमध शिंप्याच्या पिवळ्या खडूनं काढलेला बाण होता.

"एवढा मोठा कशाला काढता?" मी विचारलं.

"तुमाले दिसावा म्हनून. चष्मा लागला ना तुमाले." त्यांनी शीटवरून अंगठा फिरवला. "पऱ्हाटीची साल म्हंजे केस हायेत, मॅडम. रोलरमधून जशी निघते तशी झोपते, भांग पाडल्यावानी. बाणाच्या दिशेनं ओढाल तर दोन गडी लावले तरी तुटनार नाही. आडवं ओढाल तर पापड. अन् शीट चौकोनी. एकडाव बाण गेला, का मंग मलेही नाही सांगता येत, कोनतं उभं अन् कोनतं आडवं."

"पुस्तकात आहे हे."

"असन. मी मिलवर शिकलो."

मिलवर त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. पहिली पंधरा टायर रिमोल्डिंगच्या दुकानात, नंतरची अकरा आमच्याकडे. तीही सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. दर जानेवारीत आणि जुलैत ते ऑफिसात जाऊन उभे राहायचे आणि नवा कागद घेऊन यायचे. या वेळी मात्र वेगळं होतं. एप्रिलमध्ये आढावा समिती येणार होती. प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंजूर झाला तर त्यात 'मिल ऑपरेटर' असं एक कायम पद होतं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी उकंडराव कायम होणार होते. घरी त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. मला मात्र रोज सांगत.

"मले भरोसा हाय पऱ्हाटीवर," पाकीट चिकटवता चिकटवता ते म्हणाले. "आमच्या मायची चार लेकरं गेली. पाचवा मी. मले जल्मल्या जल्मल्या उकंड्यावर टाकलं अन् मंग उचललं, म्हनून उकंडराव. कचऱ्यातलं कोनी नेत नाही म्हनतेत, देवबी नेत नाही. पऱ्हाटी अन् मी एकाच जातीचे."

"म्हणजे तुम्हालाही किरणं द्यायला हवीत."

"द्या ना. कायम होत असीन तर द्या."

चार वाजता गाडी आली. नऊ पाकिटं, प्रत्येकाच्या तोंडावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझी सही. गाडी गेली.

असा तो शुक्रवार. निदान एवढा तरी मी नेहमी सांगत आले.

*

वहीतून:

एप्रिल. सोमवार. पाकिटं परत. चिकटपट्ट्या शाबूत, सह्या शाबूत. किरणांच्या पन्नास किलोग्रे मात्रेच्या तीन शीट, शंभरच्या तीन, दीडशेच्या तीन. ठशानं डंबेलच्या आकाराचे तुकडे कापले. टेन्साइल मशीनवर ओढले, तुटेपर्यंत किती ताण सोसतात ते मेगापास्कलमध्ये. पन्नास: सहा पूर्णांक चार. बरं. शंभर: चार पूर्णांक एक. पुन्हा. तीन पूर्णांक नऊ. पुन्हा. चार. दीडशे: एक तुकडा नऊ, दुसरा चार, तिसरा साडेआठ. काहीही.

मंगळवार. सरांना दाखवलं.

*

पिंपळकर सर रागावले की आवाज खाली आणत. त्या मंगळवारी मला खुर्ची पुढे ओढून ऐकावं लागलं.

"सुर्वे, शंभरला नऊ यायला हवेत. चार कसे आले?"

"माहीत नाही, सर."

"साल वाळवली होतीस?"

"हो, सर. चोवीस तास. वहीत तापमान लिहिलंय."

"मागच्या वेळीही लिहिलं होतंस."

मागच्या वेळी मी ओव्हन लावायला विसरले होते आणि वहीत सवयीनं तापमान लिहून टाकलं होतं. शीटभर फोड आले. त्या दिवशी सरांनी इतकंच म्हटलं होतं, "दुसरी चूक मला परवडणार नाही, तुला तर नाहीच." माझी फेलोशिप दर वर्षी त्यांच्या एका ओळीवर पुढे सरकायची. चिपळूणला आईनं 'डॉक्टरीण' म्हणून अख्ख्या आळीत सांगून ठेवलं होतं. कसली डॉक्टरीण, ते कुणी विचारलं नव्हतं.

"मोहोडला बोलाव," सर म्हणाले.

उकंडराव आले. हाताला रबराचा वास, खिशाला पेन. ते पेन कधीच उघडत नसत.

"मोहोड, मिक्सिंग नीट केलं होतंस?"

"हाव, साहेब."

"साल सगळीकडे सारखी पसरली होती?"

"साहेब, रोलरवरून चाळीसदा काढून, कापून, परत घातली. बोटानं चाचपून पाहिली. गाठ नव्हती."

"मग शंभरला चार का आले?"

"कोनाले आले?"

"मशीनला आले, मोहोड. आकडा मशीन देते."

"मशीनले देनारं कोनीतरी असतेच ना, साहेब."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या आलेखाकडे. उकंडराव म्हणाले, "मी मिल साफ करतो," आणि गेले. टेस्टिंग रूम वरच्या मजल्यावर होती. ते तिथं कधी येत नसत. चपला बाहेर काढाव्या लागत आणि त्यांच्या मोज्यांना भोकं होती. म्हणून परत आलेल्या शीट त्यांनी पाहिल्याच नाहीत.

"गुरुवारी समिती," सर म्हणाले. "हुद्दार सर अध्यक्ष आहेत. त्यांनी आयुष्य रबराच्या कारखान्यात काढलंय. मला कारण हवंय, सुर्वे. आकडा वाईट असला तरी चालेल. कारण हवं."

*

बुधवारचं पान वहीत नाही. ते मी फाडलं. त्यावर जे होतं ते असं:

तुटलेले तुकडे मी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पन्नासचा तुकडा पाहिला. तुटल्या कडेला सालीची टोकं ब्रशच्या केसांसारखी बाहेर आलेली. ओढताना ती रबरातून उपसून निघाली होती. म्हणजे लढली होती. शंभरचा तुकडा पाहिला. टोकं नव्हती. साल आडवी पडली होती, फाटल्या भिंतीत विटा दिसाव्यात तशी. रबर तिच्या कडेकडेनं उकललं होतं.

मिक्सिंगमध्ये काहीच चुकलं नव्हतं. साल एकसारखी पसरली होती. शीट आडवी कापली गेली होती.

शंभरच्या शीटमधला एक कोपरा शिल्लक होता. त्यातून दुसऱ्या दिशेनं एकच तुकडा निघाला. मी तो मशीनला लावला. पहिल्यांदाच असं झालं की मशीन चालू असताना तुकडा तुटू नये असंही वाटत होतं आणि तुटावा असंही.

आठ पूर्णांक नऊ.

वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. पानावर वेळ लिहिली, आकडा लिहिला आणि खाली लिहिलं: शीटवर बाण नाहीत.

बाण का नव्हते, ते मला माहीत होतं.

*

शुक्रवार, पुन्हा. या वेळी पूर्ण.

हात धुतले, साबणानं. उकंड्याची गोष्ट झाली. कायम करणारी किरणं झाली. हे सगळं खरं. मग उकंडराव म्हणाले, "गाडीवाल्याले मागच्या फाटकानं आनतो, नाहीतर तो समोर थांबून हॉर्न मारत बसते," आणि बाहेर गेले. जाताना चहा सांगून येतो म्हणाले. पंधरा मिनिटं मी एकटी होते.

पाच पाकिटं त्यांनी आधीच चिकटवली होती. चार उघडी होती. मी केंद्राचा फॉर्म भरत होते. फॉर्मवर एक ओळ होती: नमुन्याचा पृष्ठभाग स्वच्छ असावा. मागच्या दोन खेपांना ही ओळ होतीच. शीट बाणांसकट गेल्या, बाणांसकट आल्या, कुणी काही म्हटलं नाही. पण त्या दोन्ही खेपांना फॉर्म सरांनी भरला होता. या वेळी सही माझी होती, आणि ओव्हनची चूक ताजी होती. मला सगळं फॉर्मप्रमाणे हवं होतं. मी बाटलीतून ॲसिटोन घेतलं, फडकं भिजवलं आणि चार शीट पुसल्या. मग चिकटवलेली पाच पाकिटं अलगद उघडली आणि त्याही पुसल्या.

मी मूर्ख नव्हते. बाणाचं महत्त्व मला ठाऊक होतं. पुसताना प्रत्येक शीट मी बाणाचं टोक लेबलकडे येईल अशी धरली होती आणि तशीच पाकिटात सरकवत होते. पाकिटावर पेन्सिलीनं बाण काढायचे, एवढंच राहिलं होतं. सहाव्या की सातव्या शीटला बाहेर हॉर्न वाजला. एक शीट हातातून निसटली, मी ती उचलली, फुंकर मारली, आत घातली. कोणत्या बाजूनं, ते पाहिलं नाही. उरलेल्या घाईघाईत. मग चिकटपट्टी, सही, चिकटपट्टी, सही. पेन्सिल कानाच्या मागेच राहिली. शीट परत आल्यावर कापताना मी लेबलाकडची बाजूच बाणाची धरली.

उकंडराव चहा घेऊन आले तेव्हा पाकिटं बंद होती.

"झालं?"

"झालं."

"शाब्बास. चिपळूनले सांगा, पोरगी हुशार हाय."

*

बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनंतर मी काय केलं, ते थोडक्यात: सरांच्या खोलीपर्यंत गेले. दार उघडं होतं. सर फोनवर होते. त्यांनी हातानं खूण केली, नंतर ये. मी नंतर गेले नाही.

खाली शेडमध्ये गेले. उकंडराव रोलरला तेलाचा बोळा लावत होते.

"मॅडम, एक विचारू?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "उद्या पांढरा सदरा घालू का निळा? पांढऱ्यावर डाग दिसते."

"निळा घाला."

"सुनबाईही निळाच म्हने. घरी सांगितलं मी काल. ऱ्हावलं नाही."

मी वर आले आणि पान फाडलं.

*

आढावा. मीटिंग हॉल. टेबलावर हिरवं कापड, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. सगळ्यात कनिष्ठ म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझं होतं. आमच्याकडे ती रीतच होती. म्हणून त्या दिवशी कोण काय बोललं ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

हुद्दार सर म्हातारे, मऊ आवाजाचे. उरलेला तुकडा त्यांनी दोन बोटांत धरून वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला.

"मटेरियल चांगलं आहे, पिंपळकर. हाताला कळतंय. मग आकडा असा का?"

"मिक्सिंगचा प्रश्न असावा, सर. ऑपरेटर जुना आहे, पण..."

"बोलवा त्याला."

निळा सदरा. इस्त्रीची घडी दंडावर धारदार. उकंडराव दारात चपला काढून आत आले, मोज्यांसकट.

"या, मोहोड. किती वर्षं मिलवर?"

"सव्वीस, साहेब."

"मी एकतीस. मग आपण बोलू शकतो. काय चुकलं असेल?"

उकंडराव हसले. त्या हॉलमध्ये कुणीतरी त्यांना मिलवरचा माणूस म्हणून पहिल्यांदाच विचारत होतं.

"साहेब, मिक्सिंग बरोबर होतं. मले वाटते शीट आडव्या कापल्या गेल्या. बाण पाहून घ्या ना. मी बाण मारले हायेत, सगळ्यावर."

माझं पेन थांबलं.

हुद्दार सरांनी हातातला तुकडा उलटला, पालटला. मग टेबलावरचे उरलेले कोपरे एकेक करून पाहिले. उकंडरावही वाकून पाहू लागले. एक कोपरा उचलला, खिडकीकडे धरला, ठेवला. दुसरा उचलला.

"बाण असतो कुठं?" हुद्दार सरांनी विचारलं.

"मंधात, साहेब. मोठा काढतो मी. त्याची शेपटी तरी या तुकड्यावर..." ते थांबले.

"किरणांनी खडू उडतो का हो, पिंपळकर?"

"नाही, सर. मागच्या दोन्ही खेपांना बाण जसेच्या तसे परत आले."

"पाकिटं कुणी उघडली मध्ये?"

"सील शाबूत होतं. सही सुर्वेची. तिनंच फोडली."

हुद्दार सर माझ्याकडे वळले. "सुर्वे, तुम्ही पाकिटं फोडलीत तेव्हा शीटवर बाण होते?"

"नव्हते, सर."

"एकावरही?"

"एकावरही नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

उकंडराव माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. वाचता येत नसलेला कागद आपण जसा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून वाचतो, तसे.

"होते, साहेब," ते म्हणाले. मग जरा थांबून, "असतीनच."

'होते' आणि 'असतीनच' यांच्यामध्ये जेवढा वेळ गेला तेवढ्यात हुद्दार सरांनी चष्मा काढला. "मोहोड, होतं असं. माझ्याकडूनही झालंय. या तुम्ही."

ते गेल्यावर पिंपळकर सरांनी सुस्कारा सोडला. कारण मिळालं होतं. आणि कारण चांगलं होतं: पद्धत बरोबर, पदार्थ बरोबर, किरणं बरोबर; चुकलेला माणूस बदलता येण्याजोगा. त्यामुळेच दुसरा टप्पा मंजूर झाला.

*

इतिवृत्त, मुद्दा चार. अक्षर माझं:

'चर्चेअंती असे निदर्शनास आले की, मिल ऑपरेटरकडून शीटवर दिशादर्शक खूण करण्यात न आल्याने नमुने चुकीच्या दिशेने कापले गेले व शंभर किलोग्रे मात्रेचे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यास मान्यता देण्यात येत आहे. मिल ऑपरेटर या पदावर प्रशिक्षित व्यक्तीची नव्याने निवड व्हावी.'

'निदर्शनास आले' हे शब्द मी सुचवले. सरांनी 'सिद्ध झाले' म्हटलं होतं. मला ते जास्त वाटलं.

*

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे शेवट मोकळा होईल.

नवा ऑपरेटर आला, डिप्लोमावाला. शंभरला आठ पूर्णांक आठ आले. माझा शोधनिबंध छापून आला. त्यात कृतीच्या परिच्छेदात एक वाक्य आहे: सर्व शीटवर रोलरची दिशा खूण करून दर्शवली होती. मी डॉक्टर झाले. चिपळूणला पेढे वाटले गेले. नंतर नोकरी, नंतर लग्न, नंतर माझ्या हाताखाली पोरं आली. तीही मला घाबरून वहीत तापमानं लिहायची.

ही हकिगत मी तीन माणसांना सांगितली. नवऱ्याला, एका मैत्रिणीला, आणि बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झालेल्या पिंपळकर सरांना. तिघांनाही मी फडक्यापर्यंत सगळं सांगितलं. आणि तिघांनाही शेवटी हेच वाक्य सांगितलं: बांधताना बाण होते का, असं मला कुणी विचारलंच नाही, विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

नवरा म्हणाला, "तू लहान होतीस." मैत्रीण म्हणाली, "सिस्टिमच तशी असते." पिंपळकर सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीही विचारलं नाही, सुर्वे. मला कारण हवं होतं."

तिघांनीही विश्वास ठेवला.

पण मला विचारलं होतं.

*

आढाव्यानंतर दहा दिवसांनी. सकाळचे अकरा. उकंडरावांच्या हातात पत्र होतं. मुदत संपल्यावर ऑर्डर पुढे वाढवली जाणार नाही असं त्यात होतं, सोबत इतिवृत्ताची प्रत. शिल्लक रजा घालून त्यांनी आजच निघायचं ठरवलं होतं. चाव्या द्यायला ते पहिल्यांदाच टेस्टिंग रूममध्ये आले. चपला काढल्या. आज मोजे नव्हते.

"मॅडम, या शेडच्या. या कपाटाच्या. ही बारकी कशाची हाय मलेच माहीत नाही, पन असू द्या."

"बसा ना, उकंडराव."

"नाही बसत." ते उभेच राहिले. "भांडायले नाही आलो मी. नोकरी गेली त्याचं काही नाही. पोरगा कमावते. रिमोल्डिंगवाला म्हनते, या परत. एकच विचारायचं होतं."

"विचारा."

"त्या दिवशी तुम्ही होत्या ना सोबत. शीट मी तुमच्या हातात देल्ल्या. हात धुवायले लावले तुमाले, ते आठोते मले. उकंड्याचं सांगितलं, ते आठोते. तुम्ही म्हनल्या, एवढा मोठा कशाले काढता, अन् मी म्हनलं तुमाले चष्मा लागला. हेबी आठोते." ते बोटं मोजावीत तसे एकेक आठवण मोजत होते. "पन रोज रातच्याले डोळे मिटले का वाटते, ते मागच्या खेपेचं असन. का त्याच्या मागच्या. सगळ्या खेपा सारख्याच दिसतेत. मले बाण काढल्याचं दिसते, पन ते कोनत्या दिवसाचं हाय ते नाही समजत."

मी चाव्या टेबलाच्या कडेला ओळीनं लावल्या.

"म्हनून तुमालेच विचारतो. तुमची नजर तरनी. त्या शुक्रवारी, पाकिटात घालताना, शीटवर बाण होते का?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार बंद होतं. सर गावाला गेले होते. इतिवृत्त सही होऊन मुंबईला गेलं होतं आणि या माणसाला 'होते' असं सांगितलं असतं तर तो इतकंच म्हणाला असता, बरं झालं, आणि खाली गेला असता. तो कुणाकडे जाणारा नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं. मला फक्त त्याच्यासमोर खरं ठरायचं होतं.

"नव्हते," मी म्हणाले.

"एकावरही?"

"मला नाही दिसले."

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा.

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले. "आमच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. पंचावन्नाव्या वर्षी. आधी वस्तू इसरे. मंग केलेलं काम इसरे, अन् म्हने, केलं म्या. भांडे आमच्याशी. आमीबी भांडो, का बुढ्या खोटं बोलते. एक दिवस वावरात गेला अन् दुसऱ्याच गावात सापडला. मायचं नावही सांगता येत नव्हतं." त्यांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मी नाही भांडनार. तुम्ही सांगितलं ते बरं केलं. घरचे तोंडावर सांगत नाहीत."

"उकंडराव, एखाद्या वेळी विसरतं माणूस. म्हणून काही..."

"नऊ शीटवर नऊ बाण, मॅडम. एखाद्या वेळी नाही ते."

ते खाली गेले. मी खिडकीत गेले. शेडचं दार त्यांनी ओढलं, कुलूप लावलं, हिसका देऊन पाहिलं आणि फाटकाकडे चालू लागले. निम्म्या वाटेवर थांबले. परत आले, कुलपाला हात लावला, बाजूच्या खिडकीतून आत डोकावून मिलच्या मेन स्विचकडे पाहिलं. निघाले. फाटकापाशी पोचले, वॉचमनला नमस्कार केला, त्यांचं काहीतरी बोलणंही झालं. मग ते पुन्हा वळले.

तिसऱ्या खेपेला कुलपापाशी आल्यावर त्यांनी खिशातलं ते कधी न उघडलेलं पेन उघडलं, आणि डाव्या तळहातावर काहीतरी लिहिलं.